कर्वेनगरची डच वखार

आमच्या वेंगुर्ल्यात परगावाहून आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारतात: काय बघितलंस आणि काय आणलंस. अख्खा मे महिना पुण्यात काढून मी परत आले तेव्हा दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. शनिवारवाडा मी बसच्या खिडकीतून बघितला, तोही मधे एक जाडा गृहस्थ उभा असल्यामुळे निम्माच. आणली ती झेरॉक्स कागदांची चळत.

"मगे गेल्लंस कित्याक?" शेजारच्या काकींनी विचारलं.

डच भाषा शिकायला, मी म्हटलं. काकी म्हणाल्या, "मगे आता पुण्यात तीच बोलतत?"

पुण्याच्या माणसांबद्दल काहीही सांगा, आमच्याकडे पटकन खरं मानतात. तेव्हा काकींसाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी, जे डच शिकायला पुण्याला गेलेले नाहीत आणि बहुधा जाणारही नाहीत, हा वृत्तान्त लिहिते आहे.

मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवते. गावात डचांची जुनी वखार आहे, म्हणजे तिच्या भिंती आहेत आणि भिंतींतून उगवलेली झाडं आहेत. दरवर्षी मुलांना तिथे नेऊन मी सांगते की इथे डच व्यापारी राहत. मुलं विचारतात, ते आपल्याबद्दल काय म्हणत असतील? त्यावर मी इंग्रजांनी डचांबद्दल काय म्हटलंय ते सांगून वेळ मारून नेत असे. पुढे या वखारीवरच पीएच.डी. करावी असं मनाने घेतलं. पुण्यातल्या एका सरांना भेटले. विषय त्यांना आवडला, पण ते म्हणाले, "डच वाचता येत नसताना डचांवर प्रबंध लिहिणं म्हणजे मासे न खाता माशांवर भाषण करण्यासारखं आहे. कर्वेनगरात लिमयेबाई आहेत, सुट्टीत त्यांच्याकडे शिका. 'हिला वाचता येतं' असं त्या म्हणाल्या तर तुमचं नाव नोंदवतो. नाही म्हणाल्या तर नमस्कार. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय."

चाळिशी उलटलेल्या, कोपऱ्यातल्या गावच्या बाईला दुसरे कोण मार्गदर्शक दारात उभं करणार होते? तेव्हा जे काही व्हायचं ते या एका सुट्टीत आणि लिमयेबाईंच्या एका शब्दावर.

बिबवेवाडी

एस.टी.च्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. तो घाट जे चढले आहेत त्यांना सगळं ठाऊक आहे, बाकीच्यांना उगाच कशाला घाबरवा.

उतरले ते बिबवेवाडीत, माझ्या मावसबहिणीकडे. सुमन लग्न होऊन पुण्याला आली त्याला बरीच वर्षं झाली. दारातच तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं आणि विचारलं, "किती दिवस आहेस?"

आमच्याकडे पाहुण्याला हा प्रश्न विचारत नाहीत. उलट तो निघतो म्हणाला की त्याची चप्पल लपवतात. चेहरा शक्य तितका हसरा ठेवून मी म्हटलं, "तुम्हाला अडचण असेल तर मी दुसरीकडे..."

"अगो, कसली अडचण? दुधाची एक पिशवी वाढवायला सांगायची ना दूधवाल्याला!"

पुण्यात प्रश्नाचा अर्थ प्रश्न एवढाच असतो, हा पहिला धडा मला पोहोचल्या पोहोचल्या मिळाला होता. मी तो गिरवला नाही, त्याचे परिणाम पुढे येतीलच.

कर्वेनगर

बाईंचा वर्ग चारला होता. थोरांकडे जायचं तर थोडं आधी जावं, वाट बघायला लावू नये, ही आमच्याकडची रीत. त्याप्रमाणे मी चांगली लवकर पोहोचले. साखळी न काढता दार उघडलं आणि फटीतून एक चष्मा दिसला.

"कोण?"

"मी वेंगुर्ल्याहून आले. सरांनी आपल्याला..."

"चारला सांगितलं होतं ना?"

"हो, पण म्हटलं जरा आधीच..."

"मग चारला या." दार बंद.

जिन्यात एक तरुण गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरातलं एक पान काढून पायरीवर अंथरलं. "बसा मॅडम. पायरी गार असते, उन्हाळ्यात बरं वाटतं. मी लवकर आलो की इथेच बसतो. आणि आज त्या प्रेमाने बोलल्या हं, माझ्या वेळी नुसता 'चार' म्हणाल्या होत्या."

हे अन्वर शेख, माझे एकमेव सहाध्यायी. पुण्यातल्याच एका कॉलेजात ते इतिहास शिकवतात, डचांच्या मसाल्याच्या व्यापारावर त्यांचं काम चालू आहे. वडिलांचं मंडईमागे मसाल्याचं दुकान असल्यामुळे विषय घरातलाच. त्यांचं घराणं पेशवाईपासून पुण्यात आहे. "तसा विचार केला तर खरा पुणेकर मीच," ते हळू आवाजात म्हणाले. "बाईंचे आजोबा रत्नागिरीहून आलेले. पण हे त्यांच्यासमोर बोलू नका. त्यांना माहीत आहे, म्हणूनच बोलू नका."

चारच्या ठोक्याला दार उघडलं, या वेळी साखळी काढून.

लिमयेबाईंच्या यजमानांची नोकरी बरीच वर्षं हॉलंडमध्ये होती. तिथे घरात बसून कंटाळा आला म्हणून बाई डच शिकल्या आणि तिथल्याच एका ग्रंथालयात काम करू लागल्या. यजमान गेल्यावर त्या पुण्याला परतल्या. तेव्हापासून ज्यांना जुने डच कागद वाचायचे आहेत अशा संशोधकांना त्या शिकवतात. फक्त वाचायला, बोलायला नाही. पहिल्या दिवशी मी घसा खरवडून एक डच शब्द उच्चारून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "उच्चाराचे कष्ट घेऊ नका. तुम्ही ज्यांचं वाचणार आहात ती माणसं मेलेली आहेत, ती काही तपासायला येत नाहीत."

त्यामुळे माझी स्थिती आजही अशी आहे की तीनशे वर्षांपूर्वीच्या डच माणसाचं प्रवासवर्णन मी वाचू शकते, पण उद्या हॉलंडात तहान लागली तर खुणाच कराव्या लागतील.

बाईंचा दुसरा नियम असा की इंग्रजी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची. शब्दकोश डच-इंग्रजी होता, त्याला इलाज नव्हता. पण वाक्य डचमधून उचलायचं ते थेट मराठीत टेकवायचं, मधे इंग्रजीच्या ओसरीवर विसावा नाही. पहिले दोन-तीन दिवस मला हा छळ वाटला. मग हळूहळू लक्षात आलं की या भाषेला आपल्याच काही सवयी आहेत. आपण पंचवीसमध्ये आधी पाच आणि मग वीस म्हणतो, तेही तसंच म्हणतात. लांब वाक्य असलं की क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. आमचे आबा गोष्ट सांगताना बैल, शेजारी, पाऊस आणि मामलेदार असं सगळं गोळा करून शेवटी 'मेला' म्हणायचे, तोवर कोण ते कळायचं नाही. डच वाक्यात मला आबा भेटले, आणि त्या दिवशी वर्गात मी एकटीच हसले.

पाचला चहा. चहाबरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा यायचा, झाकण उघडायचं, प्रत्येकाने एक बिस्कीट घ्यायचं आणि झाकण टक्कन बंद व्हायचं. आठवडाभराने मी धीर करून विचारलं, "बाई, ही पद्धत डच की पुणेरी?"

"या बाबतीत दोन्ही देशांचं एकमत आहे," बाई म्हणाल्या आणि डबा आत नेऊन ठेवला.

मंडई

एका रविवारी अन्वरभाई मला मंडई दाखवायला घेऊन गेले. तोवर मी त्यांना शेखसरांवरून अन्वरभाईंवर आणलं होतं, त्यांनी मात्र मॅडम सोडलं नाही. मंडईची ती दगडी, कळसवाली इमारत, आत उतरत्या फळ्यांवर रचलेली भाजी आणि वर बसलेले विक्रेते बघून मी खूश झाले. आमच्या बाजारात भाजीवाली जमिनीवर बसते आणि गिऱ्हाईक वाकतं. इथे भाजीवाला उंचावर, गिऱ्हाईक खाली. भाव सांगणाऱ्याला त्या उंचीचा फायदा होत असावा.

एका गाळ्यावर आंबे होते. कोकणातली असल्यामुळे माझा हात आपोआप पुढे गेला. एक उचलला, देठाशी वास घेतला, ठेवला. दुसरा उचलला, अंगठ्याने जरासा दाबला, ठेवला. तिसऱ्याला दुकानदाराने विचारलं, "ताई, खायचाय की मुलगी द्यायचीय?"

मी म्हटलं, "हा देवगडचा नाही."

"मी म्हटलं का देवगडचा आहे म्हणून?"

खरंच, तो काहीच म्हणाला नव्हता. अन्वरभाई मागे तोंड फिरवून हसत होते. नंतर त्यांच्या वडिलांच्या दुकानात, मिरी आणि जायपत्रीच्या वासात आम्ही चहा घेत बसलो तेव्हा मी त्यांना माझी खरी काळजी सांगितली. सुट्टी संपत आली होती आणि बाई मला रोज काही ना काही बोलत होत्या.

"बोलतायत ना? मग चाललंय," ते म्हणाले. "बाई रागावल्या की समजायचं, गाडी रुळावर आहे. गप्प बसल्या तर मात्र काळजी करा."

रागावण्याचं कारण असं होतं. बाईंनी आम्हा दोघांना वाचायला एकेक जुना प्रवासी वाटून दिला होता. माझा डच प्रवासी आमच्याच किनाऱ्यावर उतरलेला. माडांची रांग, खाडी, होड्या, सगळं त्याने इतकं नेमकं लिहिलं होतं की मला वाचताना भरून यायचं. पण पुढे पुढे हा गृहस्थ आमच्या माणसांवर घसरला. इथली माणसं बडबडी आणि आळशी, असं त्याने लिहिलं होतं. मी भाषांतर केलं, 'इथली माणसं गप्पिष्ट आणि निवांत आहेत.'

"निवांत?" बाईंनी चष्मा काढला. "आळशी म्हटलंय त्याने."

"पण ते खरं नाही ना, बाई."

"खरं-खोटं कोणी विचारलंय? तुम्ही गावच्या वकील म्हणून आलात की भाषांतर करायला?"

बाईंनी माझ्या कागदावर खालच्या बाजूला एक आडवी रेघ मारली. "वर त्याचं म्हणणं, जसंच्या तसं. तुम्हाला काय म्हणायचंय ते या रेघेखाली. तळटीप कशासाठी असते? भांडायला जागा हवी म्हणूनच ती काढलीय. पण वरच्या मजल्यावर जाऊन त्याचं सामान हलवायचं नाही."

त्या रात्री सुमनकडे मला जेवण गेलं नाही. वाईट वाटलं ते बाई रागावल्याचं नाही. मी मुलांना इतकी वर्षं त्या वखारीपाशी नेत होते, आणि डच आपल्याबद्दल काय म्हणत ते कळण्याची वेळ आली तेव्हा मीच ते गोड करून सांगायला निघाले होते, याचं वाईट वाटलं.

पुन्हा कर्वेनगर

परीक्षा सकाळी ठेवली होती, कारण दुपारी माझी एस.टी. होती. पिशवी भरून बरोबरच नेली. जिन्यात पेपर अंथरून बसले आणि वेळेवर आत गेले. अन्वरभाईंना त्यांच्या प्रवाशाचं न वाचलेलं पान मिळालं, मला माझ्या प्रवाशाचं.

पान वाचता वाचता मी कुठे बसले आहे ते विसरले.

माझ्या प्रवाशाला दक्षिणेला जायला होडी हवी होती. तो एका तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या मुख्य खलाशाकडे गेला. तांडेलाने त्याला ओटीवर बसवलं, भात आणि मासे वाढले, आई आहे का विचारलं, लग्न झालंय का विचारलं. होडीचा विषय नाही. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा गेला. पुन्हा भात, पुन्हा मासे, या खेपेला गावाकडे जनावरं किती याची चौकशी. होडीचा विषय नाही. असे बरेच दिवस जेवल्यावर त्याने वैतागून लिहिलं होतं की हे लोक लबाड आहेत, होडी देत नाहीत आणि देणार नाही असंही सांगत नाहीत. पानाच्या वरच्या अंगाला त्याने लिहून ठेवलं होतं की आता वारा फिरला आहे आणि समुद्र गढुळला आहे.

अरे बाबा, पावसाळ्याच्या तोंडावर कुठला तांडेल होडी लोटेल? पण दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे असा नकार जेवू घालून देतात. माझ्या आत्याला मागणी घालायला आलेल्या मंडळींना आबांनी पोटभर जेवू घातलं, सोलकढी दोनदा वाढली आणि मुलीचं नाव काढलं नाही. मंडळी हात धुऊन उठली, समजली आणि गेली. कोणाचा अपमान नाही, कोणाचं पोट रिकामं नाही.

हात शिवशिवत होता, पण मी वर लिहिलं, 'हे लोक लबाड आहेत.' मग रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'या किनाऱ्यावर पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, जेवू घालतात आणि विषय टाळतात. प्रवाशाला नकार पहिल्याच दिवशी मिळाला होता. तो त्याने जेवून टाकला.'

बाईंनी आधी अन्वरभाईंचा कागद वाचला, दोन ठिकाणी त्यांना बोलल्या. अन्वरभाईंनी विचारलं, "बाई, झालं का माझं?"

"झालं. या आता."

त्यांनी मला जाताना खुणेने धीर दिला. मग बाईंनी माझा कागद घेतला. वाचला. परत वरपासून वाचला. एक अक्षर बोलल्या नाहीत. कागद घेऊन आत गेल्या, फोन फिरवल्याचा आवाज आला, मग हलक्या आवाजातलं बोलणं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हात धुऊन घ्या. जेवूनच जा."

ओळखायचं ते मी ओळखलं आणि हात धुतले.

महिनाभर एका बिस्किटापुढे न गेलेली ही बाई. अन्वरभाईंना तोंडावर 'झालं' म्हणाली, आणि मला जेवायला बसवते आहे! टेबलावर वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या आणि आमरस; आंबे मंडईचे, बाईंनी सांगितलं. वाढता वाढता बाईंनी विचारलं, "आई आहे ना तुमची?" मी हो म्हटलं. "काजूचं कसं आहे यंदा?" बरं आहे म्हटलं. "घरी आणखी कोण कोण?" मी भाऊ, भावजय, भाचरं सांगितली. परीक्षेचा विषय नाही. आणखी एक पुरी वाढली, विषय नाही. मी खाली मान घालून गिळत होते. आमच्याकडच्या माणसांसारखं वागून बाई मला सांभाळून घेताहेत, तर आपणही समजून उठावं, एवढंच मनात होतं. सर निवृत्त होतील, वखारीत झाडं वाढत राहतील आणि मी मुलांना पुन्हा इंग्रजांनी काय म्हटलंय ते सांगेन.

पान संपलं. मी पिशवी जवळ ओढली आणि जड जिभेने म्हटलं, "येते बाई. तुम्ही इतक्या आपुलकीने सांगितलंत, मला वाईट वाटलं नाही."

"काय सांगितलं मी?"

"म्हणजे... माझं झालं नाही, ते."

बाई बघतच राहिल्या. "अहो, मघाशी मी फोन कोणाला केला? तुमच्या सरांना. म्हटलं, हिला वाचता येतं, नाव घाला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? अन्वरने विचारलं, त्याला सांगितलं."

"पण मग... जेवायला का बसवलंत?"

"एक वाजला होता म्हणून!" बाई म्हणाल्या. "एकला जेवतात!"

मी हसायला गेले आणि रडू आलं. पदर डोळ्यांना लावला तो लवकर काढता येईना. बाईंना असल्या गोष्टींची सवय नसावी, त्या उठून माझा कागद घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवला.

"ही तळटीप अपुरी आहे. त्या बिचाऱ्याने जेवण खाल्लं आणि नकार ओळखला नाही. तुम्ही होकार खाल्लात आणि ओळखला नाहीत. त्याची चूक लिहिलीत, आता स्वतःचीही लिहा. त्याच रेघेखाली."

लिहिते म्हटलं. तिथे मावेना, म्हणून हा लेख.

पण तेव्हा मला वेगळीच हळहळ लागली होती. सुतकी तोंडाने मी अख्खं जेवण जेवले होते आणि मंडईच्या त्या आंब्याचा रस कसा होता ते मला अजिबात आठवत नव्हतं. एस.टी.ला अजून वेळ होता. मी रिकामी वाटी पुढे केली.

"बाई, रस आहे का आणखी?"

काही हवं म्हणून महिनाभरात कोणालाही सरळ विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

"आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी काठोकाठ भरली.